कोरडी माफी

“या भूमीवरून तामूल मी हद्दपार करीन! आणि ज्या दिवशी आसामातल्या शेवटच्या बट्यातून शेवटची सुपारी उतरेल, त्या दिवशी मुखाचा कर्करोगही आपला गाशा गुंडाळील!”

डॉक्टर प्रदीप्त भराली यांनी टीव्हीवर उजवी मूठ उगारून ही घोषणा केली. घोषणा भव्य होती, मूठही भव्य होती. आणि नेमके त्याच क्षणी समारंभाचे अध्यक्ष, रीतीप्रमाणे, सत्कारासाठी पुढे सरसावले: गळ्यात घालायला गामोसा आणि पुढे धरायला पितळेचा उंच बटा. बट्यात, रीतीप्रमाणेच, ओली सुपारी, विड्याची पानं आणि बोटभर चुना! त्या मुलखात सत्कार करायचा म्हणजे तामूल पुढे धरूनच करायचा. सत्कार तामुलाच्या शत्रूचा असला म्हणून रीत थोडीच बदलते? उगारलेली मूठ आता कुठे ठेवावी हे डॉक्टरांना कळेना. शेवटी त्यांनी त्या मुठीनेच डोकं खाजवलं.

कठालगुरी गावात तरुखुरीच्या, म्हणजे तरुकाकूच्या, ओसरीवर टीव्हीपुढे बसलेल्या बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तरुखुरीने तर गालातला तामूल पडू नये म्हणून तोंडावर हात धरला आणि जवळ बसलेल्या शेजारणीला, पुण्यप्रभाला, कोपराने ढोसलं. “बघ गं पुण्य, तुझ्या बापुकणचं तोंड बघ! लहानपणी मधाची बाटली फोडली होती तेव्हा अस्संच केलं होतं मेल्याने!”

पुण्यप्रभा हसली नाही. ती त्या डॉक्टराची थोरली बहीण, त्याची बायदेउ; ‘बापुकण’ हे त्याचं घरचं नाव. तो रांगत होता तेव्हा आई गेली. त्यानंतरचा पहिला भात, पहिली चड्डी आणि पहिला मार हे सगळं त्याला हिच्याच हातून मिळालेलं. पण न हसण्याचं कारण ते नव्हतं. हसायला तोंड उघडावं लागतं... आणि तिच्या डाव्या गालाच्या आत एक जखम येऊन बसली होती. आली तेव्हा पाहुण्यासारखी आली, आणि आता मालकासारखी राहत होती. तेंग्याचा आंबट रस्सा जिभेला लागला की डोळ्यांतून पाणी यायचं, जबडा बोटभर उघडला की पुढे सरकत नव्हता. ही जखम कसली, हे तिला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. तिचा भाऊ टीव्हीवरून, भिंतींवरून, बसच्या पाठीवरून बोट रोखून तेच तर ओरडत होता! आणि म्हणूनच... हे देवा, म्हणूनच ती कुणाला सांगणार नव्हती. मरण एक वेळ पत्करलं, पण “मी सांगितलं नव्हतं?” हे बापुकणच्या तोंडचं वाक्य? ते ऐकण्यापेक्षा गंगा काय आणि लुइत नदी काय, कुठलंही पाणी गोड लागलं असतं!

या हट्टाला इतिहास होता, आणि तो साधा नव्हता.

पुण्यप्रभाचं लग्न ठरलं होतं. वराकडून जोरण आलं: कपडे, दागिने, सिंदूर, सगळं. बायका तिला सजवायला बसल्या, तेवढ्यात वराच्या मामांनी हळूच विचारलं, “आणि हे मूल?” बापुकण तेव्हा तिच्या पाठीशी बांधलेला होता, आणि सिंदुराच्या डबीवर डोळा ठेवून होता. मामा म्हणाले, “आम्हाला मुलगी हवी आहे, मूल नको.” पुण्यप्रभाने दागिने एकेक करून उतरवले, कपड्यांची नीट घडी घातली आणि जोरण परत पाठवलं. रडली नाही. निदान कुणासमोर नाही! त्यानंतर तिचं आयुष्य मागावर गेलं. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि त्या धोट्याच्या येण्याजाण्यातून एक डॉक्टर विणला गेला.

तो डॉक्टर कर्करोगाची मोठी पदवी घेऊन गावी आला त्या दिवशी तिने अंगण सारवलं, सारं गाव बोलावलं. आजवर तो घरचं पोर होता. पोरापुढे कुणी बटा धरत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी बटा उचलून धरला आणि घरधनिणीने थोर पाहुण्याला म्हणायचं ते म्हणाली, “आलात, बरं केलंत.”

स्वतःच्या हाताने शेंबूड पुसलेल्या पोराला तिने ‘आलात’ म्हटलं! त्या एका शब्दात परत गेलेलं जोरण होतं, विझलेल्या रात्री होत्या, एका स्त्रीने मुकाट्याने गिळलेलं सगळं तारुण्य होतं...

तामूल खायची सक्ती कुणालाच नसते. बट्याला हात लावायचा, हात कपाळाला न्यायचा, की मान पावला. पण ताज्या पदवीला वाफ फार असते. बापुकण म्हणाला, “बायदेउ, हे विष आहे,” आणि पुढे जे बोलला त्याला गावाने नंतर ‘भाषण’ असं नाव दिलं. बोलता बोलता त्याने एका बोटाने बटा दूर सारला. बटा कलंडला. सुपाऱ्या अंगणभर धावल्या. एक घरंगळत हेडमास्तरांच्या पायाशी गेली. मास्तरांनी ती उचलली, धोतराला पुसली आणि प्रसंगाचं गांभीर्य राखून तोंडात टाकली.

“आजपासून तुझं माझं बोलणं संपलं,” पुण्यप्रभा म्हणाली.

संपलं म्हणजे थेट संपलं. भावाच्या बायकोचं, रश्मिरेखाचं, पुढलं सगळं आयुष्य टपाल खात्यात गेलं.

“रश्मि, सांग तुझ्या नवऱ्याला, थंडी पडलीय, मफलर बांध म्हणावं.”

“बायदेउ, ते म्हणतायत, सांग तुझ्या नणंदेला, मी आता चाळिशीचा आहे.”

“सांग त्याला, वारा कानात शिरताना वय विचारत नाही.”

“ते म्हणतायत... बायदेउ, त्यांनी मफलर बांधला.”

माघ बिहूच्या सणाला रश्मिरेखा एकटीच गावी आली, तिळपिठे, म्हणजे तीळ-गूळ भरलेल्या तांदळाच्या सुरळ्या, घेऊन. पुण्यप्रभाने एक उचलला, कौतुक केलं आणि बशीत ठेवला. दुसरा उचलला, त्याचंही कौतुक केलं. तिळपिठ्याची स्तुती करावी आणि खाऊ नये, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. रश्मिरेखाने पाणी घालून पेजेसारखा मऊ केलेला भात पाहिला, नणंदेचा सुजलेला गाल पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला.

“बायदेउ... तोंड उघडा.”

“उपास आहे.”

“उपासाला तोंड उघडता येतं!”

“तुझ्या नवऱ्याला यातलं अक्षर सांगायचं नाही. शपथ आहे तुला.”

“शपथ घालताय ना? मग ती मी मोडते,” रश्मिरेखा रडत रडत म्हणाली. “लग्नात मला सांगितलं होतंत, या घरात काही लपवायचं नाही!” आणि तिने फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी थांबली. पुण्यप्रभा मागावर बसली होती. तिने मान वर केली नाही, पण धोटा चुकला, दोन धागे तुटले. बापुकण पायऱ्या चढून ओसरीवर आला. हातात टॉर्च, कपाळाला घाम... त्याला काय म्हणायचं होतं देव जाणे! ‘माझी बायदेउ’ म्हणायचं असेल, ‘आई’ म्हणायचं असेल. पण वर्षानुवर्षं माणूस जे वाक्य बोलतो तेच संकटात आधी बाहेर पडतं.

“किती वेळा सांगितलं होतं! मी सांगितलं नव्हतं?”

माग थांबला. पुण्यप्रभा उठली, खोलीत गेली आणि तिने आतून कडी घातली.

“बायदेउ, दार उघड!”

“रश्मि, सांग तुझ्या नवऱ्याला, दार बंद आहे.”

“ते दिसतंय मला!” बापुकण ओरडला.

“मग विचारतोस कशाला?” हे मात्र थेट आलं. इतक्या वर्षांनी पहिलं थेट वाक्य! आणि त्यामागोमाग बांध फुटला. “हेच... हेच वाक्य ऐकावं लागू नये म्हणून एवढे महिने मी ही आग गिळून बसले रे! भिंतीभिंतीवरून तू बोट रोखून उभा आहेस. ज्याला जखम नाही तो तुला हसून पुढे जातो. ज्याला आहे तो तोंडावर पदर ओढून घरी जातो. चोर ठाण्यात जाईल का आपल्या पायाने? मी तुला भात भरवला, बापुकण... आणि मलाच तुझी भीती वाटली!”

पुण्यप्रभाने कुडाच्या फटीला डोळा लावला. तिचा भाऊ, जो कधी खुर्ची पुसल्याशिवाय बसत नसे, ओसरीच्या धुळीत बसला होता. टॉर्च भरदिवसा जळत बाजूला पडला होता.

“रश्मि,” तो हळूच म्हणाला, “लोक एवढ्या उशिरा का येतात, हे आम्ही कधीचं शोधतोय. रस्ता लांब आहे म्हणून. हाती पैसा नाही म्हणून. आधी वैदूकडे जातात म्हणून. सगळी कारणं काढली आम्ही. एकच राहिलं... मी.”

दाराच्या अलीकडे पुण्यप्रभाचं काळीज पाण्यासारखं झालं. तिला वाटलं, धावत जावं, डोकं पोटाशी धरावं. पण मानी माणसाच्या काळजाचं पाणी झालं तरी कडी लोखंडाचीच राहते.

“चुकलो बायदेउ. माफ कर,” बाहेरून आवाज आला.

“कोरडी माफी?”

त्या मुलखात बोटभर चूक असो की डोंगराएवढी, माफी मागायची तर गुडघे टेकून, बट्यावर तामूल-पान ठेवून, वर गामोसा घालून. त्यावाचून मागितलेली माफी म्हणजे हात न धुता केलेली पूजा.

“बायदेउ, मी... मी तामूल?” डॉक्टरांचा आवाज चिरका झाला.

“नको मागूस मग. जखम माझी आहे, मला घाई नाही.”

यानंतरचं सगळं पुण्यप्रभाने त्या फटीतून पाहिलं, आणि गाल जळत असतानाही पाहिलं. आसामातून तामूल हद्दपार करणारे डॉक्टर प्रदीप्त भराली कुंपणापाशी गेले आणि घसा खाकरून म्हणाले, “खुरी, जरा... एक तामूल मिळेल?”

तरुखुरी हातातलं सूप ठेवून उभी राहिली. “काय मिळेल?”

“तामूल.”

“मोठ्याने बोल रे पोरा, वयाने कान गेलेत.” तरुखुरीला दोन घरांपलीकडची कुजबूज ऐकू यायची.

“तामूल! तामूल द्या!”

ही आरोळी गावच्या प्रार्थनामंदिरापर्यंत, नामघरापर्यंत गेली. बायका आल्या, मुलं आली, हेडमास्तर आले. तरुखुरीने सावकाश, अगदी लग्नघरात निवडावी तशी, सुपारी निवडली. “ही दे? नको, ही जरा लहान आहे. तुझं पाप मोठं आहे.” मास्तरांनी पान दिलं. कुणीतरी चुना आणला. कुणीतरी फोनवर फोटो काढला, त्याला रश्मिरेखाने असं पाहिलं की त्याने तो आपणहून पुसला.

आणि मग बापुकण बंद दारासमोर गुडघ्यावर बसला. दोन्ही हातांत बटा. त्या हातांनी त्याने किती जबडे कापले होते, कधी थरथरले नव्हते; आता बट्यातली सुपारी खडखड वाजत होती.

“बायदेउ, त्या दिवशी मी विष ओळखलं, पण देणारे हात ओळखले नाहीत. मला शिक्षा कर, मार, पुन्हा बोलू नकोस... पण जाऊ नकोस गं! पाठीवरून उतरवायचं होतंस तर तेव्हाच, जोरणाच्या दिवशी उतरवायचं होतंस. आता कुणाच्या पाठीवर जाऊ मी?”

कडी वाजली. दारात पुण्यप्रभा उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या होत्या. ती वाकली, बट्याला हात लावला, हात कपाळाला नेला. ओठ उघडत नव्हते, तरी म्हणाली,

“आलास... बरं केलंस.”

“खाऊ नकोस हं!” डॉक्टर घाबरून किंचाळले.

“गप. आधी वचन दे. मला ओरडायचं नाही. आणि माझ्यासारख्या कुणालाच ओरडायचं नाही.”

“दिलं.”

“मग लाव तुझा टॉर्च.” आणि तिने, जेवढं उघडत होतं तेवढं, तोंड उघडलं.

शहरातल्या रुग्णालयात तिला बापुकणने तपासलं नाही. घरच्या माणसावर सुरी चालवायची नाही अशी तिथली रीत, आणि ती किती शहाणपणाची आहे हे त्याने लगेच सिद्ध केलं; बाहेरच्या बाकावर बसून बहिणीसाठी सफरचंद सोलताना त्याने बोट कापून घेतलं. पुण्यप्रभाला पाहणारी डॉक्टर होती त्याचीच विद्यार्थिनी, नयनमणी. ती आली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“पूर्वी आम्ही आधी कापायचो, बायदेउ,” ती म्हणाली. “जबड्यासकट, कधी जिभेसकट. आता काही जणांना आधी औषध देऊन पाहतो. शरीरात पहारेकरी असतात. हा आजार त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून आत शिरतो. हे औषध ती पट्टी सोडतं. पहारेकऱ्यांनी चोराला झोडपून अर्धमेला केला, की मग उरलेला आम्ही काढतो. थोडंच कापावं लागतं.”

“आणि पहारेकरी उठलेच नाहीत तर?”

“सगळ्यांचे उठतात असं नाही, खोटं कशाला सांगू? नाही उठले तर जास्त कापावं लागेल. पण मी सोडणार नाही तुम्हाला.”

पुण्यप्रभाने तिच्याकडे निरखून पाहिलं. “खोटं बोलत नाहीस, आवाज चढवत नाहीस. कुणी शिकवलं गं तुला?”

“भरालीसरांनी.”

“तो स्वतः त्या तासाला गैरहजर होता वाटतं!”

औषध शिरेतून थेंब थेंब उतरू लागलं. कधी अंगाला खाज सुटायची, कधी मागावरून पडल्यासारखं थकून जायला व्हायचं. एका दुपारी तर तिने भिंतीकडे तोंड केलं आणि रश्मिरेखाला म्हणाली, “मला घरी ने. अंगणात मरू दे.” रश्मिरेखाने तिची वेणी घालायला घेतली. घालता घालता दोघी रडल्या. वेणी वाकडी झाली. “ही अशी वेणी घेऊन मी मरणार नाही,” पुण्यप्रभा म्हणाली, “गाव काय म्हणेल?” आणि ती परत उताणी वळली.

पुढच्या खेपेला नयनमणीने गालात प्रकाश टाकला, पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि बाहेर जाऊन सरांना आत घेऊन आली. बापुकणने वाकून पाहिलं. आक्रोडाएवढी गाठ होती तिथे वाटाण्याएवढा ठसा उरला होता. तो नुसता मान हलवत राहिला, होय होय, होय होय...

“काय झालं?” पुण्यप्रभाने विचारलं. “गेले का मी?”

“पहारेकरी उठले, बायदेउ!” नयनमणी म्हणाली, आणि मोठी शस्त्रक्रिया करणारी ती मुलगी लहान पोरीसारखी ओढणीत तोंड लपवून रडली.

ऑपरेशन झालं ते लहान. जबडा राहिला, जीभ राहिली. आणि जीभ राहिली हे साऱ्या वॉर्डाला लवकरच कळलं. जबडा आखडू नये म्हणून दातांत लाकडी पट्ट्या धरून तोंड उघडण्याचा व्यायाम असे. रोज एक पट्टी वाढवायची. व्यायाम शिकवणाऱ्या मुलाला पुण्यप्रभाने पट्ट्या तोंडात ठेवूनच त्याचे केस, त्याचे बूट आणि त्याचं अजून न झालेलं लग्न या विषयांवर इतकं सुनावलं, की त्याने तिला लवकर बरी ठरवलं.

पण खरं नवल झालं ते रुग्णालयात. भिंतींवरची बोट रोखलेली चित्रं एका सकाळी उतरली. बापुकणने स्वतः शिडीवर चढून स्वतःची पाच फुटी मूठ खाली आणली. त्या जागी काहीच लावलं नाही. फक्त नियम केला: दरवानापासून मोठ्या डॉक्टरापर्यंत, आलेल्या प्रत्येकाला पहिलं वाक्य एकच बोलायचं, “आलात, बरं केलंत.” तामूल कधीपासून खाता, किती खाता, आधी का नाही आलात... हे नंतर, बसून, हळू आवाजात. दरवानाने नियम इतका मनावर घेतला की चुकून प्रसूतिगृहाऐवजी इथे शिरलेल्या घामाघूम नवऱ्यालाही त्याने “आलात, बरं केलंत” म्हणून बाकावर बसवलं आणि पाणी दिलं.

बातमी बाजारात गेली, नामघरात गेली, चहाच्या बागांत गेली: तिथे ओरडत नाहीत म्हणे! आणि लोक येऊ लागले. ज्यांना गाल फाटल्यावर घरचे उचलून आणायचे, ते आता नखाएवढा पांढरा डाग घेऊन आपल्या पायांनी यायला लागले. एके दिवशी तरुखुरी आली. गालात बोट घालून म्हणाली, “हे काय आहे रे, बघ.” फार काही नव्हतं, वेळेवर कळलं. तरुखुरीने त्या दिवशी बट्यातला तामूल बदलून लवंग-वेलची ठेवली. शेजारणीने हसून विचारलं तेव्हा म्हणाली, “मान द्यायला बटा लागतो, सुपारी कशाला?”

रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात सभागृह खच्चून भरलं होतं. दूरदूरचे तज्ज्ञ आले होते. नयनमणीने पडद्यावर दाखवलं: उशिरा येणारे निम्म्यावर आले, लवकर येणारे वाढले, आणि आधी-औषध-मग-सुरी या पद्धतीने किती जणांचा जबडा वाचला. टाळ्या थांबेनात. मग डॉक्टर भराली उठले. त्यांनी मूठ उगारली नाही.

“लोक म्हणतात, भरालीने मोठं काम केलं,” ते म्हणाले. “पडद्यावर तुम्ही जे पाहिलंत, ते सगळं एका बंद दारामागून मला शिकवण्यात आलं. ज्या स्त्रीने माझ्यासाठी स्वतःचं लग्न परत पाठवलं, तिच्या हातचा मान मी लाथाडला होता... आणि तरीही मी गेलो तेव्हा ती म्हणाली, आलास, बरं केलंस! ती माझी बहीण नाही. ती माझी आई आहे. बायदेउ...!”

पहिल्या रांगेतून पुण्यप्रभाला हात धरून रंगमंचावर आणलं. रेशमी पाटाची पायघोळ मेखला, अंगावर पदरासारखी शुभ्र चादर, गालावर बारीकशी खूण आणि मान ताठ. सभागृह उभं राहिलं. बापुकण हजार माणसांदेखत तिच्या पायांशी कोसळला, पाय धरून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. रश्मिरेखा रडली, नयनमणी रडली, दरवान रडला. पाहुणे तज्ज्ञ, ज्यांना भाषा कळत नव्हती, तेही चष्मे पुसू लागले. निवेदकाने ध्वनिक्षेपक पुण्यप्रभाच्या ओठांशी नेला. आता ती काय बोलणार? जी वाणी कायमची जाणार होती, ती आज पहिल्यांदा जगापुढे काय उच्चारणार? सभागृहाने श्वास रोखला.

पुण्यप्रभाने वाकून भावाच्या केसांतून हात फिरवला. तोंड उघडलं, पुरतं उघडलं, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली,

“बापुकण, ऊठ रे जरा. गुडघा माझ्या मेखलेवर टेकलायस.”